कुरतडलेल्या लोंब्या

कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात मी टॅब भिंतीवर फेकणार होतो. बायकोनं वेळेवर हातातून काढून घेतला म्हणून तो वाचला. पडद्यावर एक म्हातारी बोलत होती. ती सहा वर्षांची असताना तिला घरातून उचलून दूरच्या शाळेत नेऊन टाकलं होतं. पहिल्या दिवशी तिची वेणी कापली. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या भाषेत पाणी मागितलं, म्हणून तिला पट्ट्यानं मारलं. कुठल्या हाताला आधी मार बसला तेसुद्धा ती सांगत होती, आणि इतक्या शांतपणे, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एकेकाला उभा चिरायला पाहिजे होता," मी खाटेवरून ओरडलो.

"पाय प्लास्टरात आहे हे त्या गोऱ्यांचं नशीब," बायको म्हणाली. "नाहीतर आजच निघाला असतात."

माझा राग आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. शिवथरच्या खोऱ्यातलं आमचं गाव, भाताची जमीन, डोंगराला टेकलेली घरं. मी बिरवाडीच्या बाजूला एका कारखान्यात पाळीवर काम करतो. तिथंही एकदा फिटरला पाना फेकून मारला होता. तो वाकला म्हणून माझी नोकरी टिकली आणि त्याचं डोकं. गेल्या नवरात्रात दासगावच्या पुढे हायवेवर मोटरसायकल घसरली आणि उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी तीन महिने घरी बसवलं. माझ्यासारख्या माणसाला तीन महिने खाटेवर ठेवणं म्हणजे घरच्यांना शिक्षा.

मुलगी कॅनडात शिकते. तिनंच फोनवरून माझं नाव त्या कोर्सला घातलं. तिकडच्या मूळच्या लोकांचा इतिहास, त्यांच्याच तोंडून, बारा आठवडे, फुकट. "बाबा, इथं आलेले सगळे करतात. मी कुठल्या देशात राहते ते तरी तुम्हाला कळेल," ती म्हणाली. खाली मराठी अक्षरं उमटायची सोय होती. ती अक्षरं अर्धी समजायची, अर्धी नाही. पण मार कुठल्याही भाषेत समजतो.

मी रोज दुपारी बघायला लागलो. घोडेस्वारांनी जाळलेल्या वस्त्या बघितल्या. सही करून घेतलेले आणि मग मोडलेले करार बघितले. रोगानं भरलेली पांघरुणं वाटली असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, तेही ऐकलं. प्रत्येक धड्यानंतर मी शिव्या घालायचो. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कोणाला मारलं?" मला बरं वाटायचं. खाटेवर पडल्या पडल्या अन्यायाविरुद्ध लढल्यासारखं वाटायचं.

चौथ्या आठवड्यात लिहायचं काम आलं. तुम्ही ज्या जमिनीवर राहता ती कोणाची? तुमच्या आधी तिथं कोण होतं? तीनशे शब्दांत लिहा, कोर्समधली इतर माणसं वाचतील आणि आपलं मत देतील. मी मराठीत लिहिलं, मुलीनं इंग्रजी केलं. मी दणकून लिहिलं होतं. आमचे गड, आमचं खोरं, आमचे पूर्वज, या मातीचे खरे पुत्र आम्हीच. शेवटी दोन ओळी अशा होत्या: गावाच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे. चोरी त्यांच्या रक्तात आहे, हे मी स्वतः पकडून पाहिलेलं आहे.

मुलीनं फोन केला. "बाबा, हे शेवटचं ठेवायचं?"

"ठेव. खरं आहे ते."

तिनं ठेवलं.

तीन माणसांनी वाचून मत दिलं. दोघांना गड आवडले. तिसरी एक बाई होती, तिकडच्याच मूळच्या लोकांपैकी. तिनं एवढंच लिहिलं होतं: माझ्या आजोबांच्या शाळेच्या कागदावर तुमचं हे वाक्य आहे, अगदी असंच. तुम्ही नेमकं काय पाहिलं होतं?

मी टॅब बंद केला. त्या दिवशी जेवणात मीठ कमी आहे म्हणून मी ताट भिरकावलं. भाजीत मीठ बरोबर होतं. बायकोनं ताट उचललं नाही, तिथंच राहू दिलं, मुंग्या लागेपर्यंत.

पुढच्या आठवड्यात धड्यात आपल्या देशाचं नाव आलं. इंग्रजांनी इथं एक कायदा केला होता. त्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, मूल पाळण्यात असतानाच चोर. पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायची, न विचारता गाव सोडायचं नाही. कायदा गेला त्याला जमाना झाला. पण मी ऐकत होतो आणि मला कळत होतं, की आमच्या गावात तो गेलेला नाही. आम्ही तो तोंडपाठ ठेवला होता.

याच दिवसांत माझा थोरला भाऊ, दादा, एक कागद घेऊन आला.

दादा शेती बघतो. माझा राग भडकतो आणि विझतो, त्याचा आतून पेटत राहतो. तो खाटेच्या कडेला बसला आणि कागद माझ्या प्लास्टरवर ठेवला. आमच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती. पोरांना घरोघरून आणायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची, एवढंच काम. वरच्या वाडीतल्या एका कातकऱ्याच्या मुलीचं नाव यादीत पहिलं आलं होतं. ती बारावी झालेली. आमच्या गावातल्या दोघी अर्ज करून तिच्या खाली राहिल्या होत्या. दादाच्या कागदावर गावाची हरकत लिहिलेली होती, ग्रामसभेत मंजूर करून तालुक्याला पाठवायची.

"तिच्या हातचं आपली पोरं खाणार काय?" दादा म्हणाला. "पण जात कागदावर लिवता येत नाय, कायदा हाय. म्हणून चोरी लिवलीय. बाप चोर, घरातलं वळण चोरीचं, अंगणवाडीचं धान्य तिच्या ताब्यात देता येणार नाय. तू पकडला व्हतास त्याला. तुझी सही लागंल. सभेत उभा राहून सांगायला पन तूच."

मी वाचलं. माझं नाव त्यात होतंच. 'यांनी रंगेहाथ पकडले होते' असं लिहिलं होतं.

"ठेव," मी म्हटलं. "करतो."

"आत्ता कर की. पेन देऊ?"

"ठेव म्हटलं ना!" मी ओरडलो. दादा उठला. त्याला वाटलं पाय दुखतोय.

त्या बाईनं विचारलं होतं, नेमकं काय पाहिलं होतं. तेच आता लिहितो.

तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पंचवीस वर्षांचा होतो. मुंबईत दोन वर्षं काढून, कुठंच न टिकता परत आलो होतो, आणि गावात कोणी काही विचारलं की अंगावर जायचो. भात कापून झालं होतं. खळ्यावर झोडणी चालू होती. आमच्याकडे एक रीत होती, आता मोडली. कापणी उरकली की कातकरी येऊन शेताचे बांध खणायचे. उंदरांनी हंगामभर लोंब्या तोडून बिळात साठवलेल्या असतात. उंदीर कातकऱ्याचा आणि बिळातलं भातही कातकऱ्याचं. शेतकऱ्याला पुढच्या वर्षी उंदीर कमी, त्यांना चार दिवसांचं जेवण. कोणी ठरवलं होतं माहीत नाही, पण बापाच्या, आजाच्या काळापासून ते तसंच चालत होतं. बिळातल्या भातावर कोणी हक्क सांगितला तर लोक हसले असते.

त्या सकाळी दादा म्हणाला, उडवीचे भारे कमी दिसतात. भारे रचून ठेवलेली उडवी एका बाजूनं बसली होती. मोकाट गुरांनीही खाल्लं असेल, कोण जाणे. पण दादा म्हणाला, आणि तेवढ्यात वरच्या बांधाकडून तो कातकरी आणि त्याची बायको खाली उतरताना दिसले. त्याच्या खांद्यावर पहार, तिच्या डोक्यावर टोपली, पाठीला फडक्यात बांधलेली वर्षा-दीड वर्षाची मुलगी. मी दोघांना हाक मारली. आले. कशाला येणार नाहीत? रोजच्या ओळखीचे होते.

मी टोपली खाली ओढली. वर पळसाची पानं होती, खाली चार मेलेले उंदीर, त्याखाली लोंब्या. मी ओरडलो, "चोर!"

"बिळातल्या हायत, भाऊ," तो म्हणाला. तो माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा होता आणि मला भाऊ म्हणायचा. मी त्याला अरे म्हणायचो. आमच्यात कोणीच त्याला दुसरं काही म्हणत नव्हतं.

पहिली थोबाडीत मारली. तो हात वर करून मागे सरला, तर पहार खाली पडली, आणि मला वाटलं तो ती उचलणार. त्याच्या मनात तसं काही नव्हतं. मी बाजूचा दांडका घेतला. मग मी त्याला मारलं. भाताचा भारा झोडावा तसं मारलं, खांद्यापासून हात उचलून, दमानं, एकाच जागी. दादानं त्याला खळ्यातल्या खुंट्याला धरून ठेवलं होतं. कातकऱ्यानं डोकं झाकायला उजवा हात वर केला, तर मी त्या हातावर मारलं. मनगटात काहीतरी मोडलं. ओली काठी मोडताना येतो तसा आवाज आला. त्याची बायको किंचाळत माझ्या पायाशी आली, मी तिला लाथेनं बाजूला केलं. पाठीवरची मुलगी तिच्याबरोबर पडली. ती रडलीसुद्धा नाही, बघत होती.

खळ्याभोवती गावातली माणसं उभी होती. शेजारच्या खळ्यांवरचे आले होते. माझी वहिनी, तेव्हा नवी नवरी, हातात सूप धरून उभी होती. ती तशीच उभी राहिली, वाऱ्यावर भात वारता वारता थांबलेली.

आता ते नेमकं. टोपली उलटली तेव्हा लोंब्या माझ्या पायावर पडल्या होत्या. मारता मारता माझी नजर खाली गेली. विळ्यानं कापलेल्या भाताला हातभर काडी असते, तिरपी, साफ कापलेली. उंदीर लोंबी गळ्याशी कुरतडतो. टोक आखूड आणि चिंध्या झाल्यासारखं दिसतं. शेतकऱ्याच्या घरातलं शेंबडं पोरही ते ओळखतं. माझ्या पायावरच्या सगळ्या लोंब्या आखूड होत्या. सगळ्यांची टोकं कुरतडलेली होती.

मी ते पाहिलं. दांडका वर होता तेव्हा पाहिलं. आणि तो खाली आणला. त्यानंतरही किती वेळा आणला, सांगता येत नाही. थांबलो असतो तर एवढ्या माणसांसमोर मला कळलं असतं की मी चुकलोय. ते मला नको होतं, त्यापेक्षा त्याचं हाड मोडलेलं मला चाललं. मी आणखी मोठ्यानं "चोर" ओरडलो, आणि लोंब्या पायानं मातीत चेचल्या.

त्याचा हात वाकडाच बसला. पुढं त्याला गावात कोणी कामाला बोलावलं नाही. कापणीला, लावणीला वाडीतली दुसरी माणसं आणायची, त्याला नाही. बांध खणायची रीत त्याच वर्षी बंद झाली. कुणाची कोंबडी गेली, नळाची तोटी गेली, की लोक वरच्या वाडीकडे बोट दाखवायचे. मी तेवीस वर्षं त्याला रस्त्यात बघून मान फिरवली, आणि लोक समजले, याचा राग अजून गेला नाही.

हे मी बायकोला सांगितलं. लग्नाआधीची गोष्ट, तिला गाव सांगतं तेवढीच माहीत होती. ती पोलादपूरची, तोंडाला फटकळ. मला वाटलं आता फाडून खाईल. तिनं डाळ निवडता निवडता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "सही करणार आहात?"

"नाही."

"मग ते वर जाऊन सांगा. मला कशाला सांगता, मी थोडीच मार खाल्ला होता?"

दहाव्या आठवड्यात धड्यात तिकडच्या सरकारनं मागितलेली माफी दाखवली. मोठी सभा, कोट घातलेली माणसं, काहीजण रडत होते. ती सभा बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्या सगळ्यांना रडून किती बरं वाटत असेल, मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा बोलावली आणि वाडीच्या पायथ्याशी उतरलो. प्लास्टर निघालं होतं, काखेत दोन कुबड्या होत्या. पायवाट चढताना घामानं भिजलो.

तो झोपडीपुढे बसून मासे धरायची खोईण विणत होता. काड्या डाव्या हातानं विणायच्या आणि वाकड्या उजव्या मनगटानं दाबून धरायच्या, असं चाललं होतं. त्यानं मला पाहिलं, हातातलं काम थांबवलं नाही. बस म्हणाला नाही. मी उभ्यानंच बोललो. लोंब्या कुरतडलेल्या होत्या, मी तेव्हाच पाहिलं होतं, तरी मारत राहिलो. घरून ठरवून आलेलं मोठं बोलणं एवढ्यातच संपलं. मी पहिल्यांदाच त्याला अहो म्हणत होतो आणि ते तोंडात नीट बसत नव्हतं.

तो काडी दाबत म्हणाला, "बीळ मीच खणलं व्हतं. मला ठावं नाय काय, लोंब्या कुठल्या त्या?"

मी कुबडी सावरली.

"मला कशाला सांगताव?" तो म्हणाला. "जी बघत व्हती त्यांना सांगा."

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. पाठीवरून पडलेली तीच. पंचविशीची झाली असेल, कोपरापर्यंत पिठाचे हात. तिला हरकतीच्या अर्जाचं माहीत होतं. गावात काही लपत नाही.

"सही केलीत?" तिनं विचारलं.

"नाही केली."

"म्हणजे उपकार केलात!" ती म्हणाली. तिनं पुढं येऊन माझ्या डाव्या काखेतली कुबडी ओढून घेतली आणि उतारावर भिरकावली. ती दगडांवर आपटत, उड्या मारत खाली गेली. मी एका कुबडीवर हेलपाटलो आणि खाली बसलो. "जा आता," ती म्हणाली. "आमचा बाप त्या दिवशी असाच फरफटत वर आला व्हता. त्याला तर पायवाट पन दिसत नव्हती."

माझा हात उठला होता. खोटं कशाला सांगू, मुठीत दगड आला होता. तिच्या बापानं ते पाहिलं आणि पाहत राहिला. मी दगड सोडला. कोणी मला उठवलं नाही, आणि मी बुडावर घसरत घसरत खाली आलो, रिक्षावाल्याच्या डोळ्यांदेखत. तो आठवडाभर बिरवाडीच्या स्टँडवर ही गोष्ट रंगवून सांगत होता.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर शाळेच्या वर्गात ग्रामसभा भरली. दादानं अर्जावर बऱ्याच सह्या घेतल्या होत्या. अंगठेही होते. माझी सही अजून नव्हती, पण तो बेफिकीर होता. त्याला वाटत होतं मी सभेत उभा राहून सांगेन, सहीपेक्षा ते भारी. वाडीतला तो माणूस आणि त्याची मुलगीही आले होते. तो दाराशी उभा होता, ती बायकांच्या बाजूला, सतरंजीच्या टोकाला.

ग्रामसेवकानं विषय वाचला. दादा म्हणाला, "आमचा धाकटा सांगंल. त्यानं पकडला व्हता."

मी कुबड्यांवर उठलो. सांगितलं. तो खुंटा, तो दांडका, ती लाथ, आणि लोंब्यांची टोकं कशी होती ते. आवाज माझा आपोआप चढत गेला, शेवटी तर मी भांडल्यासारखा ओरडत होतो. "चोरी झालीच नव्हती. हे मला मारतानाच कळलं होतं. या कागदावर माझ्या नावानं जे लिहिलंय ते खोटं आहे."

दादा जागेवरून उठला आणि त्यानं माझ्या कानशिलात मारली. कुबडी सुटली, मी बाकावर आदळलो. तोंडात रक्ताची चव आली. "भावाला तोंडावर पाडतोस!" तो ओरडला. मीही त्याची गचांडी धरली. दोन माणसांनी आम्हाला सोडवलं.

मग आमच्या शेजारच्या खळ्याचा म्हातारा बोलला. सत्तरी ओलांडलेला, गावात मान असलेला माणूस. त्याचीही अर्जावर सही होती. वैतागून बोलावं तसं तो म्हणाला, "अरे, बस खाली. मोठी बातमी आणलीस! लोंब्या आम्ही पन बघितल्या व्हत्या. आम्ही काय आंधळे व्हतो?"

कोणी दचकलं नाही. मी एकेक तोंड बघत गेलो. त्या दिवशी खळ्यावर असलेली सात-आठ माणसं तरी वर्गात होती. कोणी खाली बघत होतं, कोणी खिडकीतून झेंड्याकडे. त्या खळ्यावर उभी असलेली सगळी माणसं शेतकरीच होती. मी ज्याला तेवीस वर्षं माझं गुपित समजत होतो, ते साऱ्या गावाला त्याच दिवशी, त्याच क्षणी माहीत झालं होतं. मला इतका संताप आला की मी हाताशी उरलेली कुबडी त्यांच्यावर फेकणार होतो, आणि सगळ्यात जास्त लाज त्या संतापाचीच वाटली.

दारातून आवाज आला. "मग अडवला का नाय कोनी?"

तो कातकरी विचारत होता. आवाज चढलेला नव्हता. ग्रामसेवकाचं पेन थांबलं.

मीच बोललो. "मला कोणी अडवलं असतं तर मी त्यालाही मारलं असतं."

"मंग तेवढा मार खायला कोन तरी पुढं यायला पायजे व्हता," तो म्हणाला. "समदा मी एकट्यानंच खाल्ला."

वर्गात बायका-माणसं मिळून पन्नास तरी होती. मग बायकांच्या बाजूला हालचाल झाली. माझी वहिनी उठली. चाळिशी उलटलेली बाई, घरात दादापुढं कधी मान वर न करणारी. ती सरळ टेबलाशी गेली, तिनं ग्रामसेवकाच्या हातातलं पेन घेतलं, अर्ज फिरवून आपली सही शोधली आणि तिच्यावर रेघ मारली. इतक्या जोरात मारली की कागद फाटला.

"मी पन बघितल्या व्हत्या," ती म्हणाली. "हातात सूप घेऊन, सुपाएवढ्या लांबून बघितल्या."

दादा तिच्याकडे गेला. त्याचा हात वर गेला. तो हात मला ओळखीचा होता. आमच्या बापाचा तसाच होता, आणि माझाही. मी बाकाखालची कुबडी चाचपत होतो, माझ्यानं उठवत नव्हतं. कातकऱ्याची मुलगी सतरंजीवरून उठून वहिनीच्या बाजूला आली होती, पण तिच्या आधी तो म्हातारा उठला होता. शेजारच्या खळ्याचा. त्यानं दादाचं मनगट वरच्यावर धरलं. दादा त्याच्यापेक्षा दुप्पट ताकदीचा. त्यानं झटका दिला, म्हातारा टेबलावर आपटला, त्याची टोपी उडाली आणि कपाळावर कोपरा लागून रक्त आलं. त्यानं मनगट सोडलं नाही.

"आता मार," म्हातारा म्हणाला. "मला मार आधी."

दादानं मारलं नाही. तो हात सोडवून घेऊन वर्गाबाहेर गेला, दारात उभ्या कातकऱ्याच्या अंगावरून. ग्रामसेवकानं अर्ज चार घड्या करून फाइलच्या तळाशी सरकवला. वहिनी म्हाताऱ्याच्या कपाळाला पदर लावून तिथंच जमिनीवर बसली, आणि अर्ज त्या दिवशी तालुक्याला गेला नाही.